बैल दमला की वखर जड झाला? आधी ओढ मोजा

प्रश्न : यंदा वखरणीला जोडी दोन तासांतच थकते. एक बैल विकावा म्हणतो. वखराची ओढ मोजायचं काही यंत्र असतं का?

उत्तर : बैलाचा सौदा आठवडाभर थांबवा. ओढ मोजणाऱ्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. साधा प्रकार म्हणजे स्प्रिंगचा तोलकाटाच. कापूस किंवा गोण्या तोलायचा 300 किलोचा लटकता काटा असेल तर काम भागतं. 100 किलोचा लावू नका, मुळी अडली की झटक्यात स्प्रिंग ताणून जाते. आधी डीएपी खताची न फोडलेली 50 किलोची गोणी टांगून काटा खरा आहे का बघा.

साखळीच्या लोखंडी नांगराला काटा साखळीतच बसतो. वखराची दांडी मात्र जुवाला आवळून बांधलेली असते. ती सैल फासात ठेवा, पुढंमागं सरकली पाहिजे, आणि दांडीची खुंटी व जू यांच्यामध्ये काटा अडकवा. सगळी ओढ काट्यातूनच गेली पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येईल. काट्याला समांतर एक सैल दोर बांधा. आकडी तुटली तर बैलांच्या पायांवर काही आदळायला नको.

वाफसा असताना, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी ओलसर असताना, तीस मीटर चालवा. सुरुवातीचा झटका सोडून द्या, मग दर पाच पावलांना आकडा लिहा, सरासरी काढा. ओढ तिरकी वर जाते, म्हणून थोडी वजावट करावी लागते : 20 अंशांचा कोन असेल तर 90 किलोतले जमिनीलगत साधारण 85 धरा.

जोडीनं दिवसभर ओढायचं तर तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ओढ असावी. 800 किलोच्या जोडीला 80 किलो. तुमचा आकडा फार वर गेला तर वखराची पास, म्हणजे माती कापणारं आडवं लोखंडी पातं, लोहाराकडून धार लावून आणा आणि त्याच खोलीवर पुन्हा मोजा. माझा पहिला संशय बोथट पाशीवरच आहे. आकडा मर्यादेत असूनही जोडी दमत असेल तर खांदा सुजलाय का, खूर दुखतोय का, हे पशुवैद्यकांना दाखवा.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या नांगराची ओढ कशी मोजायची?

उत्तर : दोन ट्रॅक्टर लागतात. नांगर लावलेला मागचा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्यानं ओढायचा, मध्ये मोठा डायनॅमोमीटर. एकदा नांगर जमिनीत, एकदा उचलून. दोन आकड्यांतला फरक ही नांगराची ओढ. इथं गोण्यांचा काटा मुळीच लावू नका. कृषी विद्यापीठाच्या अवजारे विभागात विचारा.