बैठकीत बिंदू लावा, पण कूलरपासून लांब

तुमचा प्रश्न असा: गावातल्या घरी, बैठकीच्या खोलीत, देवादिकांच्या तसबिरीऐवजी एखाद्या अमूर्त आध्यात्मिक चित्राची फ्रेम केलेली प्रत लावायची आहे. कोणती घ्यावी, टिकेल का, आणि घरचे काय म्हणतील?

घरच्यांचं आधी सांगतो, कारण माझीही भीती तीच होती. मी चित्रकार सय्यद हैदर रझांच्या 'बिंदू' या चित्राची प्रत आणली. मधोमध मोठं काळं वर्तुळ, भोवती रंगीत चौकटी. आई चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "काऊन रे, इतके पैसे देऊन नुस्ता टिकलाच आनला?" मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आत्या म्हणाली, "मंग आपल्या पारावरच्या मारोतीले तरी कुठी नाक-डोये हायेत? शेंदूरच हाय ना नुस्ता." विषय तिथंच मिटला.

आत्याचं खरंच होतं. शेंदूर फासलेला दगड, महादेवाची पिंड, दारातली रांगोळी, यांत चेहरा कुठं आहे? आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आपल्याकडची कित्येक गावं रोज संध्याकाळी रिकाम्या अधिष्ठानासमोर, म्हणजे मूर्ती नसलेल्या आसनासमोर बसतात. अमूर्त चित्र पचवायला आपल्याला शिकवणी लागत नाही, फक्त 'मॉडर्न आर्ट' हा शब्द उच्चारू नका.

रझा तसे परकेही नाहीत. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला. तेव्हा तो भाग आणि आपला विदर्भ एकाच मध्य प्रांतात होता. शाळेत लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते स्वतः सांगत. चित्रकलेचं पहिलं रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत, पुढं मुंबई, आणि १९५० पासून साठ वर्षं फ्रान्स. दुसरे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे तर जन्मानं नागपूरचेच, १९२४ चे.

पण गायतोंड्यांची प्रत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते रोलरनं आणि सुरीनं रंगाचे पातळ थर चढवत, खरवडत. सगळी जादू त्या थरांतून येणाऱ्या उजेडात. छापल्यावर उरतो एक पिवळा नाहीतर करडा कागद. रझांचं उलट आहे. सपाट रंग, ठाम भूमिती. छापून फारसं काही हरवत नाही. स्वीडनची चित्रकार हिल्मा आफ क्लिंट हिचंही तसंच. १९०७ मधली तिची दहा मोठी चित्रं मूळची तीन मीटरहून उंच आहेत, पण फिक्या रंगांतली ती वळणं आणि वर्तुळं लहान आकारातही बघवतात. ती १९४४ साली वारली. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणून तिचं चित्र तुम्ही तालुक्याच्या फोटो लॅबमधून बिनधास्त छापून घेऊ शकता. रझा गेले २०१६ साली. त्यांची प्रत अधिकृतपणे छापलेलीच विकत घ्या.

स्वतः छापत असाल तर १६ बाय २० इंचांसाठी निदान २४०० बाय ३००० पिक्सेलची फाइल हवी. मोबाइलवर आलेला फोटो देऊ नका. पिगमेंट शाईची छपाई मिळाली तर उत्तम, ती उन्हाला जास्त टिकते. फ्लेक्सवर छापू नका. घरात निवडणूक लागल्यासारखं वाटतं. 'सकारात्मक ऊर्जा' म्हणून दुप्पट भावात विकतात त्यांच्याही नादी लागू नका.

आता खरी गोम. माझी पहिली प्रत उन्हात नाही, कूलरनं गेली. समोरच्या भिंतीवर लावली होती. एप्रिल-मे दोन महिने वाळ्याची ओली हवा थेट तिच्यावर, आणि जूनमध्ये बघतो तर कागदाला लाटा आलेल्या, बिंदूचा एक काठ काचेला चिकटलेला. फ्रेमवाल्यानं कागद काचेला टेकवूनच बसवला होता आणि मागून सगळा डिंकानं चिकटवला होता. कागद ओलाव्यानं वाढतो, कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी जखडला की फुगणारच. दुसऱ्या खेपेला मी दुकानात उभा राहून करून घेतलं. काच आणि चित्र यांच्यात जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, चित्र फक्त वरच्या काठाला दोन कागदी पट्ट्यांवर टांगलेलं, मागं हार्डबोर्ड, आणि कडेच्या सगळ्या फटी कागदी टेपनं बंद, म्हणजे कसर शिरत नाही. फ्रेमची पट्टी सिंथेटिक घेतली. सागवान शोभतं, पण आमच्या भिंतीत वाळवी आहे.

जागा निवडताना कूलरची भिंत, चुलीच्या धुराची वाट आणि कवेलू गळतात तो कोपरा, हे तिन्ही सोडा. मातीच्या भिंतीत खिळा ठरत नाही, आधी लाकडी गुटका बसवून घ्या. आणि लावा जरा खाली. शहरातल्यासारखं उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर नको, आपण खाटेवर नाहीतर सतरंजीवर बसून बघतो.

फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. फक्त त्या फटीत चिमण्या घरटं करतात. आमची फ्रेम सध्या त्याच कारणानं तिरपी आहे, पिल्लं उडाली की सरळ करू.