वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेले व्हिडिओ गेम

प्रश्न : मी इंदूरच्या रामबागेत राहतो. वय ३६. दिवसा हिशेबाची नोकरी करतो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर दोन तास व्हिडिओ गेम बनवतो. तीन वर्षांपूर्वी सराफ्यावर, म्हणजे इथल्या सराफ बाजारावर, एक गेम सुरू केला. दिवसा जिथे सोन्याचांदीची पेढी, त्याच ओट्यापुढे रात्री खाण्याची गाडी, आणि खेळणाऱ्याने दोन्ही वेळी तीच जागा सांभाळायची, अशी मूळ कल्पना होती. आता त्यात अकरा दुकाने, चाळीस पात्रे, रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आणि राजवाडाही आला आहे. खेळ मात्र पुरा होत नाही. शिवाय मी इतरांच्या गेमवर टिपणे लिहून मित्रांना पाठवतो. थोरले बंधू म्हणतात, हे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे आहे. एका मित्राने विचारले की, ज्याचा स्वतःचा एकही खेळ पुरा नाही त्याने दुसऱ्यांच्या चुका का काढाव्यात? मी काय सोडावे, गेम की लेखन?

उत्तर : दोन्हींपैकी काहीही सोडू नये. सोडायचे असेल तर गेर, राजवाडा आणि अकरापैकी दहा दुकाने सोडावीत.

आपल्यासारख्या हौशी माणसापुढे बहुधा ‘स्टारड्यू व्हॅली’चे उदाहरण ठेवले जाते. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चित्रे, संगीत आणि कोड सगळे स्वतः करून तो खेळ २०१६ साली आणला, हे खरे आहे. मात्र त्यासाठी तो चार वर्षांहून अधिक काळ दिवसाचे दहा-दहा तास बसत होता, हे सांगायचे राहून जाते. नुसती चार वर्षे धरली तरी ते सुमारे १४,६०० तास होतात, आणि रोज दोन तासांच्या हिशेबाने तेवढ्याच कामाला आपल्याला वीस वर्षे लागतील. हिशेब हा आपलाच विषय असल्यामुळे अधिक लिहीत नाही. आपल्या अंथरुणाला साजेसे उदाहरण ‘सेलेस्ट’चे आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी पिको-८ या छोट्या साधनात, म्हणजे १२८ गुणिले १२८ ठिपक्यांच्या पडद्यावर आणि केवळ सोळा रंगांत, चार दिवसांत एक डोंगर चढण्याचा खेळ केला. तो पुरा झालेला होता, म्हणूनच त्याच्यात काय चांगले आहे हे त्यांना दिसू शकले. २०१८ साली आलेला मोठा खेळ त्याच्यावर उभा राहिला.

आपल्या खेळाचा जीव पेढी आणि गाडी यांच्या मधल्या अर्ध्या तासात आहे, असे मला पत्र वाचताना वाटले. मी याच शहरात वाढलो आहे आणि ती वेळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे : शेठजींचे शेवटचे गिऱ्हाईक उठता उठत नाही, काटा अजून पुसून ठेवलेला नसतो, आणि समोर भुट्ट्याचा कीस विकणारा कढई घेऊन उभा असतो. तो रस्त्यात उभा राहिला तर वाट अडते आणि मागे सरकला तर जागा जाते. दोघांनाही तोच ओटा हवा असतो, आणि उद्याही एकमेकांचे तोंड पाहायचे असल्यामुळे कोणालाच भांडायचे नसते. एवढाच खेळ करावा. एक ओटा, दोन माणसे, एक घड्याळ, आणि खेळायला आठ मिनिटे. चित्रांची लेव्हल एकच काढायची आणि ती पेढी व गाडी या दोन्हींसाठी वापरायची असल्यामुळे आपले कामही निम्मे होईल. बाकीची अडतीस पात्रे एका फोल्डरमध्ये जपून ठेवावीत. ती कुठे जात नाहीत.

आता लेखनाविषयी. मित्राचा आक्षेप मला मान्य नाही, तरी त्यात विचार करण्याजोगे काहीतरी आहे. गेमवरच्या बऱ्याच लेखनात ‘ग्राफिक्स सुंदर, कथा ठीक, कंट्रोल थोडे अवघड’ एवढेच असते, आणि ते मात्र उंटावरून शेळ्या हाकणेच होय. ‘कंट्रोल अवघड’ म्हणजे काय? बोटाने बटण दाबले तेव्हा पडद्यावर काय झाले, किती उशिरा झाले, आणि खेळणाऱ्याची अपेक्षा काय होती, हे सांगितले तर ते लेखन वाचणाऱ्यालाही उपयोगी पडते आणि खेळ बनवणाऱ्यालाही.

माझा अनुभव सांगतो. माझ्या एका खेळातला मुलगा छपरांवरून उड्या मारत जायचा, आणि माझा भाचा दर रविवारी त्याच एका छपराच्या कडेवरून खाली पडायचा. ‘बटण वेळेवर दाब’ असे मी त्याला सांगत असे आणि तो ‘मामा, मी दाबलं होतं’ म्हणत असे. पुढे ‘सेलेस्ट’वर टिपण लिहिण्यासाठी मी माझ्याच खेळण्याचे रेकॉर्डिंग एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक स्थिर चित्र, थांबवून पाहिले. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. त्यात मला दिसले की नायिकेचे पाय कडा सोडून हवेत गेले आहेत, तरीही त्यानंतर दाबलेले बटण खेळाने मान्य केले आणि उडी दिली. ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाची, म्हणजे सहा फ्रेमची होती. माणसाचा डोळा, मन आणि अंगठा यांना लागणारा वेळ खेळाने आपल्या खात्यावर घेतला होता. त्याच रात्री मी माझ्या कोडमध्ये सहा फ्रेमची सवलत घातली आणि भाच्याला काही सांगितले नाही. रविवारी तो तिसऱ्या उडीला थांबला आणि म्हणाला, ‘मामा, आता हा ऐकतो.’ भाचा पहिल्यापासून खरे बोलत होता. ते टिपण लिहिले नसते तर मी आजही त्यालाच दोष देत बसलो असतो.

उलट दिशेनेही हेच घडते. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. ज्याने कधी कोड लिहिला नाही त्याला ही पहिल्यापासून ठरवलेली योजना वाटेल. ज्याने पन्नास आकृत्या पडद्यावर हलवताना यंत्र मंदावलेले पाहिले आहे, त्याच्या मात्र लक्षात येईल की आकृत्या कमी झाल्यामुळे यंत्रावरचा भार उतरला आणि त्यामुळे वेग वाढला. निशिकादोंची थोरवी अशी की, यंत्राच्या दुबळेपणातून आलेली ही गोष्ट खेळाला रंगत आणते हे ओळखून त्यांनी ती तशीच राहू दिली. आपण स्वतः बनवता, म्हणूनच आपल्या लेखनाला असे पाहता येईल. खेळ कुठपर्यंत खेळलो आणि कोणत्या यंत्रावर खेळलो, एवढे टिपणाच्या आरंभी लिहीत जावे.

बंधूंना उत्तर देऊ नये. आठ मिनिटांचा खेळ झाला की तो फोनवर घालून त्यांच्या हातात द्यावा, शेजारी बसावे, आणि ते अडले तरी तोंडाने काही सुचवू नये. ते कुठे अडले हे वहीत लिहून घ्यावे.

प्रश्न : मी सुदामानगरात राहते आणि महाविद्यालयात शिकते. माझ्या गेममधले संवाद मराठीत आहेत, पण गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनात पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. मैत्रिणी म्हणतात, सरळ इंग्रजीत लिही.

उत्तर : इंग्रजीत लिहू नका, आपण गोडोची तिसऱ्या मालिकेतली आवृत्ती वापरत असाव्यात. ‘कि’ लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो, परंतु दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जुन्या आवृत्त्या साठवलेल्या क्रमानेच चिन्हे मांडत असत. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझ या प्रणालीच्या साह्याने देवनागरीची जुळणी नीट होते, म्हणून प्रकल्प तिकडे न्यावा. फाँट मात्र जोडाक्षरे असलेला हवा. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत मिळतात. ‘किल्ला’, ‘शक्ती’, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द उमटवून पाहावेत, कारण डोळ्याच्या पापणीसारखा तो अर्धा र मराठीला हवाच असतो. इंदुरात आपल्या डोळ्यांना पाट्यांवरच्या हिंदी वळणाच्या ल आणि श ची इतकी सवय झालेली असते की ते आपल्याला खटकत नाहीत. काही फाँटांत मराठी वळणाची अक्षरे वेगळी ठेवलेली असतात आणि लेबलची भाषा मराठी नेमली की ती उमटतात. संवाद हळूहळू उमटवायचा असेल तर एकेक चिन्हाने न उमटवता शब्दाशब्दाने उमटवावा, म्हणजे मात्रा अधांतरी लटकत नाहीत.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा नातू गेम बनवायला शिकतो आहे आणि महागडा संगणक मागतो आहे. घेऊन द्यावा का? (एक आजोबा, इंदूर)

उत्तर : आजोबा, सध्या घेऊ नये. गोडो मोफत आहे, आणि लहान द्विमितीय, म्हणजे सपाट चित्रांच्या, खेळासाठी चार-पाच वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो. त्याने एक खेळ पुरा करून आपल्याला खेळायला दिला की पुढचे पाहावे. आत्ता घ्यायचा असेल तर एक पेन ड्राइव्ह घ्यावा, आणि दर रविवारी कामाची एक प्रत त्यावर उतरवून तो आपल्या कपाटात ठेवायचे ठरवावे. माझा दोन वर्षांचा एक खेळ हार्ड डिस्कबरोबर गेला. आता त्यातले वहीत पेन्सिलीने काढलेले एक छप्पर तेवढे माझ्यापाशी आहे.