नेते सत्तेत आले की कारभार का बिघडतो? त्यांना लगाम कसा घालायचा?
स्वभाव वगैरे सोडा. हिशेब मागणारं कोणी नसलं की कोणीही मोकाट सुटतो. मुंबई महापालिकाच बघा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात होता. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता हे खरं, पण मुदतीआधी निवडणूक घ्या असं घटना सांगते! नगरसेवकच नव्हते, तर स्थायी समितीत (खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीत) टेंडरवर बोलणार कोण होतं? (तेही धुतल्या तांदळासारखे नव्हते, पण भांडण चव्हाट्यावर तरी यायचं.)

मतदान पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात माहिती अधिकार वापरा: दहा रुपयांच्या अर्जावर गल्लीतल्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि बिलाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर थेट अपील.