आधी चाचणी वडिलांची करा

वडिलांना पन्नाशीच्या आतच अल्झायमर झाला, त्यामुळे स्वतःची जनुकचाचणी करायची घाई होणं साहजिक आहे. पण आधी त्यांची करा. त्यांच्यातला दोष नेमका सापडला, तरच तुमच्या 'निगेटिव्ह'ला अर्थ. नाहीतर तो नुसता कागद.

एक गल्लत टाळा. एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार म्हणजे फक्त वाढलेली जोखीम. ते असूनही कित्येकजण ठणठणीत म्हातारे होतात. पीएसईएन१, पीएसईएन२ किंवा एपीपी या जनुकांमधला रोगकारक बदल मात्र प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के. कोलंबियातल्या अँटिओकियात एका मोठ्या कुळात पीएसईएन१चा ई२८०ए बदल पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तिथे साधारण चव्वेचाळिशीत स्मृती ढासळू लागते. तरी त्यातली एक बाई सत्तरीपर्यंत शाबूत राहिली! तिच्यात एपीओईचा 'क्राइस्टचर्च' हा दुर्मीळ बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींत होता, असं २०१९मध्ये प्रसिद्ध झालं.

वडिलांच्या आजाराची सुरुवात विसरण्याऐवजी वागणं बिघडण्यापासून झाली असेल, किंवा घराण्यात कुणाला एएलएस (स्नायू हळूहळू लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) असेल, तर सी९ओआरएफ७२ हे जनुक वेगळं तपासायला सांगा. त्यात डीएनएच्या सहा अक्षरांचा तुकडा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येतो आणि नेहमीच्या एक्झोम चाचणीत (जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणाऱ्या) तो सहसा निसटतो. लॅबवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही.

रिपोर्टवर 'व्हीयूएस' दिसलं, तर त्यावरून बहिणीचं लग्न वगैरे अडवू नका. सापडलेल्या त्या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही, इतकंच.

जनुकीय समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांच्या आजारांचा तक्ता न्या. आत्या म्हणेल, "आजोबांना चळ लागला होता." तेव्हा त्यांचं वय किती होतं, ते विचारा.