वाचकांचे प्रश्न : लहान वाचनालयाने गावासाठी काय करावे?

पुस्तकांच्या देवघेवीखेरीज लहान सार्वजनिक वाचनालयाने आणखी कोणत्या सेवा द्याव्यात, असे आम्ही मागील अंकात विचारले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचे वाचनालय शासनमान्य ‘ड’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत लहान वर्गातले आहे. वाचन प्रेरणा दिन, ग्रंथालय सप्ताह, मराठी भाषा गौरव दिन हे सर्व आम्ही न चुकता साजरे करतो. पाहुणे येतात, सत्कार होतात, छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. परंतु दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात पुन्हा तेच मोजके चेहरे दिसतात. आणखी कोणते कार्यक्रम घ्यावेत? – एक कार्यवाह, सोलापूर जिल्हा

उत्तर : आणखी कार्यक्रम घेऊ नयेत, असेच मी सुचवीन. १५ ऑक्टोबर, १४ ते २० नोव्हेंबर आणि २७ फेब्रुवारी या तारखांचे महत्त्व मला मान्य आहे आणि त्या दिवशी वाचनालयाचे दार सजलेले असावे, असेही वाटते. मात्र अशा समारंभाला येणारा माणूस भाषण ऐकतो, चहा घेतो आणि परततो. त्याचा आणि कपाटातील पुस्तकाचा संबंध त्या दिवशी येतच नाही. ज्या कार्यक्रमाच्या शेवटी कुणाच्या तरी नावावर पुस्तक चढत नाही, तो वाचनालयाने आपल्या तुटपुंज्या मनुष्यबळावर का घ्यावा, हा प्रश्न कार्यकारी मंडळाने स्वतःला एकदा विचारावा.

त्याऐवजी एकच उपक्रम निवडा, तो दर आठवड्याला ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी करा आणि निदान एक वर्ष त्यात खंड पडू देऊ नका. माझी पसंती मुलांच्या गोष्टींच्या तासाला आहे, कारण त्याला सतरंजी, चांगली चित्रे असलेली पुस्तके आणि स्वच्छ वाचणारी एक व्यक्ती एवढेच लागते. शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात. त्यामुळे त्या दिवशी दुपारी चारची वेळ सहसा जमते. मुलांना अर्धवर्तुळात बसवावे, वाचणाऱ्याने खुर्चीवर न बसता सतरंजीवरच बसावे आणि पुस्तक चित्रे मुलांकडे येतील असे धरून कडेने वाचावे. एक गोष्ट पूर्ण वाचावी आणि दुसरी रंगात आली असताना थांबवावी. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ हे मात्र कुणीही विचारू नये, कारण तो प्रश्न आला की मुलांसाठी ती पुन्हा शाळा होते. त्यानंतर पंधरा-वीस पुस्तके सतरंजीवरच पसरावीत, मुलांना ती हवी तशी चाळू द्यावीत आणि ज्याला जे हवे ते तेथेच त्याच्या नावावर नोंदवून घरी न्यायला द्यावे. बालसभासदांची अनामत माफ करण्याचा ठराव मंडळाने आधीच करून ठेवला, तर पैसे आणायला घरी गेलेले मूल परत न येण्याचा प्रकार टळतो. पुस्तके फाटतील, काही हरवतीलही. तो या कामातला रास्त खर्च समजावा.

पुस्तके कमी पडत असतील, तर कोलकाता येथील राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्य योजनांची चौकशी आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. १९७२ साली स्थापन झालेले हे केंद्र शासनाचे प्रतिष्ठान ग्रंथखरेदीबरोबर बालविभागासाठीही साहाय्य देते. वार्षिक अहवालात समारंभांच्या छायाचित्रांशेजारी ‘बालविभागातून या वर्षी दिलेली पुस्तके’ असा एक आकडा छापायला लागा. आपल्या कामाचा तो अधिक खरा पुरावा असेल.

प्रश्न : वाचनालयाच्या एकुलत्या एक सभागृहात स्पर्धा परीक्षेची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. ती वाचनालयाचे एकही पुस्तक वाचत नाहीत आणि आम्हा ज्येष्ठांना वर्तमानपत्र वाचायला खुर्ची मिळत नाही. ही अभ्यासिका बंद का करू नये? – एक ज्येष्ठ सभासद, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु उपाय मला पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांत राहून राज्यसेवेची किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, गावात निवांत बसण्याची दुसरी जागा बहुधा नसते. शहरातील खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क तिच्या घरच्यांना परवडणारे नसते. अशा वेळी सार्वजनिक वाचनालयाने दिलेली खुर्ची ही पुस्तकाइतकीच मोलाची सेवा आहे.

तरीही मुक्तद्वार वाचन विभाग, म्हणजे कुणीही येऊन वर्तमानपत्रे व नियतकालिके वाचावीत अशी जागा, हा सार्वजनिक वाचनालयाचा गाभा असल्याने तो अभ्यासिकेत विरघळू देणे योग्य नाही. दाराजवळचे, उजेडाचे एक टेबल आणि काही खुर्च्या वर्तमानपत्रे व नियतकालिके वाचणाऱ्यांसाठी दिवसभर राखून ठेवाव्यात, आणि खुर्चीवर दप्तर ठेवून तासन्तास बाहेर जाणाऱ्यांची जागा मोकळी समजली जाईल, असा नियम लावून त्याची पाटी लावावी. अभ्यासिकेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचनालयाचा नियमित सभासद असावे, ही अटही वाजवी आहे.

या मुलांकडून आपल्यासारख्यांसाठी थोडे काम जरूर मागावे. आठवड्यातून दोन तास दोन विद्यार्थ्यांनी, ज्येष्ठांना मोबाइलवरील कामांत साहाय्य करणारे ‘मदत टेबल’ चालवावे. हयातीचा दाखला हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना तो दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून देता येतो. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो काढता येत असल्यामुळे, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत म्हणून बँकेत खेटे घालणाऱ्या वृद्धांची मोठी सोय झाली आहे. हे काम वाचनालयात पाच-दहा मिनिटांत होऊ शकते. दक्षता मात्र कडक हवी. मोबाइल नेहमी त्या ज्येष्ठ व्यक्तीच्याच हातात राहावा, ओटीपी तिनेच पाहून तिनेच भरावा, आणि आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील कोणत्याही वहीत उतरवून घेऊ नये.

प्रश्न : दृष्टिहीन वाचकांसाठी आम्ही काही मैत्रिणी कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करणार आहोत. ही मुद्रणे वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ध्वनिमुद्रण जरूर करा, पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या गटावर ते टाकू नका. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आले. त्यानुसार दिव्यांग व्यक्तींना वाचता यावे यासाठी पुस्तकाची सुलभ आवृत्ती, म्हणजे ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा पडदावाचक सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी फाइल, लेखक-प्रकाशकांच्या परवानगीशिवाय करता येते. मात्र दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हे काम ना नफा तत्त्वावर केले पाहिजे आणि ती आवृत्ती दिव्यांग व्यक्तींनाच मिळेल याची खबरदारी घेतली पाहिजे. आपल्या गटात डोळस सभासदही असणार. त्यामुळे तेथे टाकलेली कादंबरी या सवलतीत बसणार नाही. अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी जोडून घेऊन काम करणे सर्वांत सुरक्षित ठरेल. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात हवे ते पुस्तक आधीच उपलब्ध आहे का, हेही पाहावे, म्हणजे आपले श्रम दुबार होणार नाहीत.

सर्वांना ऐकवायचे असेल, तर स्वामित्वहक्काची मुदत संपलेले साहित्य निवडा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क राहतो, आणि ती वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांना मुक्त आहे.

प्रश्न : उन्हाळी सुटीत प्रोजेक्टरवर मुलांना मोफत चित्रपट दाखवावेत का? – एक ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तिकीट नसले तरी सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, घरगुती वर्गणीचे ॲप वाचनालयात लावणे त्यात बसत नाही. परवानगी मिळत असेल, तर जरूर दाखवावेत. ती मिळत नसेल, तर मुलांकडूनच नाट्यवाचन करून घ्यावे. पुस्तकातील वाजवी लांबीचे उतारे जाहीरपणे वाचण्यास कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न : माझ्या आई अनेक वर्षे वाचनालयाच्या सभासद आहेत. आता त्यांना जिना चढवत नाही. वाचनालयाने घरपोच पुस्तके द्यावीत, अशी विनंती केली, तेव्हा ‘एवढी माणसे कुठून आणायची?’ असे उत्तर मिळाले. ही अपेक्षा अवास्तव आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात असत. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने ग्रंथपेट्या वाचकांच्या वस्तीपर्यंत आणि परदेशातील मराठी माणसांपर्यंतही नेल्या. वाचनालयाचे काम त्याच्या चार भिंतींत संपत नाही, हे या दोन्ही ठिकाणी ज्यांनी ओळखले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

मनुष्यबळाची अडचण खरी आहे, म्हणून सुरुवात गावभर करू नये. जिना चढू न शकणाऱ्या चार-पाच सभासदांची यादी ग्रंथपालांना देवघेवीच्या नोंदींवरूनच काढता येईल, कारण नियमित पुस्तक बदलणारा सभासद अचानक येईनासा झाला की त्यामागे बहुधा आजारपण किंवा गुडघे असतात. या सभासदांसाठी पंधरवड्यातून एक बदलीचा दिवस ठरवावा. प्रत्येकाच्या नावाची कापडी पिशवी आणि तिच्यात एक जाड कार्ड असावे. त्यावर आधी वाचलेल्या पुस्तकांची नावे लिहीत जावे, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. स्वयंसेवकाने स्वतःच्या आवडीची पुस्तके नेऊ नयेत. कोणते पुस्तक अर्धवट सोडले आणि का सोडले, एवढे त्याने दर वेळी विचारावे, कारण टाईप बारीक होता, पुस्तक हातात धरवेना इतके जड होते किंवा मजकूर फार उदास होता, यांपैकी जे उत्तर येईल त्यावरून पुढची निवड आपोआप सुधारते. दिवाळीनंतर याच पिशवीतून दिवाळी अंकही जावेत. वजनाने हलके आणि तुकड्यातुकड्याने वाचता येणारे असल्यामुळे ते अंथरुणावरील वाचकाला विशेष सोयीचे असतात.

आपण स्वतः आपल्या गल्लीतील आणखी दोन-तीन अशा सभासदांची नावे कळवून, पहिले सहा महिने पिशव्या नेण्या-आणण्याची जबाबदारी लेखी स्वीकारली, तर मंडळाला नकार देणे अवघड जाईल. अर्जात एवढेच स्पष्ट लिहून घ्यावे की, वाटेत भिजलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई स्वयंसेवकाकडून किंवा वृद्ध सभासदाकडून न घेता वाचनालयाच्या अंदाजपत्रकातून केली जाईल.