लोरेना ओचोआनं 28व्या वर्षी गोल्फ सोडलं, ते चुकलं का?

तुम्ही विचारलंय की जगात पहिल्या क्रमांकावर असताना, अवघ्या 28व्या वर्षी मेक्सिकोच्या लोरेना ओचोआनं संसारासाठी गोल्फ सोडलं, हा वेडेपणा नव्हता का? आणि तुमची 14 वर्षांची मुलगी आता राज्य पातळीवर खेळायला लागली आहे, तर तिला पुढे खेळ आणि घर दोन्ही कसं जमायचं?

आधीच सांगते, मी व्यावसायिक खेळाडू नाही. वडील लष्करात होते म्हणून हा खेळ हातात आला, एरवी आमच्यासारख्या घरात गोल्फ कुठलं! छावणीतला नऊ होलांचा कोर्स, पाण्याची कायम बोंब, त्यामुळे ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, जागी तेल घातलेल्या वाळूचे 'ब्राउन'. चेंडू मारण्याआधी वाळू ओढून वाट सपाट करून घ्यायची, मग पट, म्हणजे भोकाकडे हलका फटका. त्यावर शिकले. नंतर पुण्यात हौशी स्पर्धा खेळले. चारदोन करंडक घरात आहेत, त्यातल्या एकात सध्या पेनं आणि कात्री असते.

2010च्या एप्रिलमध्ये ओचोआची बातमी आली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मला तिचा चक्क राग आला होता. खात्यावर 27 विजेतेपदं, त्यात दोन मेजर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, सलग 158 आठवडे पहिला क्रमांक. 2007मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर बायकांची पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली, ती हिनं जिंकली. त्या आठवड्यापुरतं खेळाडू बायकांना तिथल्या क्लबहाउसमध्ये येऊ दिलं होतं. त्या क्लबचं सभासदत्व बायकांना मिळायला पुढे 2014 उजाडलं. अशी बाई डिसेंबर 2009मध्ये लग्न करते आणि चार महिन्यांत निवृत्त होते. म्हटलं, झालं, ही पण गेली चुलीपुढे.

माझं मत बदललं ते बऱ्याच नंतर, आणि त्यात तिच्यापेक्षा माझ्या पोरीचा हात जास्त आहे. त्याकडे येते.

ओचोआ सुरुवातीपासून सांगत आली होती की दहाएक वर्षं खेळेन आणि मग घर करेन. 2003 ते 2010, म्हणजे आठच वर्षं झाली. यात एक गंमत आहे. एलपीजीए, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक गोल्फची अमेरिकेतली संघटना, तिच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे मानाच्या यादीसाठी, नुसते गुण पुरत नसत, दहा वर्षं खेळलेली असावी लागत. गुण तिनं केव्हाच पार केले होते. आणखी दोन वर्षं रेटून, अधूनमधून हजेरी लावून खेळली असती तरी काम झालं असतं. आपल्याकडे पेन्शनला दोन वर्षं उरली असताना कोण राजीनामा देतं? तिनं दिला. शेवटी 2022मध्ये एलपीजीएनंच ती दहा वर्षांची अट काढून टाकली आणि ती आत गेली. नवरा विमान कंपनीचा प्रमुख, त्याला आधीच्या लग्नाची तीन मुलं, म्हणजे ही भरल्या घरात गेलेली. ग्वादालाहारात तिच्या संस्थेची शाळा चालू होतीच. अमेरिकेतल्या कोर्सवर गवत कापणारे, बंकरमधली वाळू ओढणारे कितीतरी कामगार मेक्सिकन असत. स्पर्धेच्या आठवड्यात ती त्यांना जाऊन भेटायची, त्यांच्याबरोबर नाश्ता करायची. ज्या माणसाच्या आयुष्यात गोल्फखेरीज इतकं काही आहे, त्यानं गोल्फ सोडलं तर तो सगळं सोडतोय असं नसतं. हे मला 2010मध्ये कळलं नव्हतं, कारण माझ्याकडे तेव्हा गोल्फ आणि एक नवी नोकरी एवढंच होतं.

आता पोरीचं. ती झाली 2011मध्ये. ती पाच महिन्यांची असताना मी एका साध्या दोन दिवसांच्या क्लब स्पर्धेत नाव दिलं. सासूबाई म्हणाल्या, "जा गं, मी आहे की." दूध काढून, बाटल्यांवर वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवलं. हिशेब असा: घरातून निघणं, सराव, 18 होलांना साडेचार तास, परतीचा रस्ता, म्हणजे साधारण सात तास. पुढचा गट रेंगाळला. तेराव्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीला, आम्ही वीस मिनिटं नुसत्या उभ्या. चौदाव्या होलला मी अडीच फुटांच्या पटवर वाकले आणि शेजारच्या फेअरवेवरून कुणाचं तरी मूल रडल्याचा आवाज आला. बस. अंगातलं दूध काही स्कोअरकार्ड बघून येत नाही. टी-शर्ट भिजला. मी पट चुकले, परतीचा पण चुकले. माझे फटके लिहून घेणाऱ्या मार्कर एक वयस्क बाई होत्या, त्यांनी काही न बोलता स्वतःचं पातळ जाकीट काढून दिलं आणि म्हणाल्या, "किती लिहू? सात?" सातच होते. उरलेले चार होल ते जाकीट घालून खेळले, मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की त्यानंतर मी कॅट्रिओना मॅथ्यूबद्दल पुन्हा वाचलं आणि हात जोडले. स्कॉटलंडची ही खेळाडू 2009मध्ये बायकांचं ब्रिटिश ओपन जिंकली, रॉयल लिदमच्या कोर्सवर, दुसरी मुलगी झाल्यावर अकरा आठवड्यांनी. पाच महिने नव्हे, अकरा आठवडे! वय 39. त्याच्या आदल्याच आठवड्यात फ्रान्समध्ये एव्हियाँच्या स्पर्धेला गेलेली असताना ती राहत होती त्या हॉटेलला आग लागली, नवऱ्याचे पाय भाजले. आणि हा नवराच तिचा कॅडी, म्हणजे खेळताना तिची बॅग वाहणारा. पुढच्या आठवड्यात तो बॅग उचलायला हजर. 'दोन्ही जमतं का' या प्रश्नाचं उत्तर मॅथ्यूच्या बाबतीत 'हो' असं देताना मला तो भाजल्या पायांचा माणूसही दिसतो.

अमेरिकेच्या ज्युली इंकस्टरचं गणित तर तुमच्या मुलीला वहीत लिहून द्या. एकूण सात मेजर. त्यातली तीन मेजर मुली व्हायच्या आधी, 1989पर्यंत. दोन मुली झाल्या 1990 आणि 1994मध्ये. उरलेले चार त्यानंतर, शेवटचं 2002मध्ये, वय 42. मधली काही वर्षं तिचा खेळ पार बसला होता, हेही खरं. नवरा स्वतः गोल्फ शिकवणारा, त्यामुळे घरात 'आज सरावाला रेंजवर इतका वेळ कशाला' हा प्रश्न निघत नसणार. शिवाय 1993पासून एलपीजीएनं स्पर्धेबरोबर फिरतं पाळणाघर सुरू केलं. म्हणजे प्रत्येक गावात तीच ताई, तीच खेळणी. बाळंतपणाच्या रजेचे नियम मात्र खूप उशिरा, 2019मध्ये धड झाले.

ओचोआला हे सगळं उपलब्ध होतं की, मग का सोडलं, असं तुम्ही म्हणाल. नको होतं म्हणून. जमत नव्हतं आणि नको होतं यात फरक आहे, आणि बायकांच्या बाबतीत आपण दुसरी शक्यता धरतच नाही. पहिल्या क्रमांकावर राहायचं तर आठवडा कसा जातो बघा: सोमवारी प्रवास, मंगळवारी सराव, बुधवारी प्रायोजकांच्या हौशी पाहुण्यांबरोबर प्रो-अॅम नावाची फेरी, गुरुवार ते रविवार स्पर्धा. पहिल्या दोन दिवसांत कट चुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी लागणारा स्कोअर झाला नाही, तर शुक्रवारी संध्याकाळी सुटका, पण मग पैसे बहुतेक वेळा शून्य. म्हणजे वाईट खेळणाऱ्याला घर मिळतं आणि चांगलं खेळणाऱ्याला नाही. असा उफराटा खेळ आहे हा.

पुरुषांना कुणी 'दोन्ही कसं जमवलं' विचारत नाही असं म्हणतात, पण अमेरिकन गोल्फर जॅक निकलसला विचारायचे. पाच मुलं आणि 18 मेजर. त्याचा नियम होता, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त घराबाहेर राहायचं नाही. 1986चं मास्टर्स 46व्या वर्षी जिंकला तेव्हा मोठा मुलगा कॅडी होता. फोटो फार सुंदर आहे. पण उरलेल्या दिवसांत पाच मुलांचं घर कोण चालवत होतं? बायको बार्बरा. निकलस स्वतः हे श्रेय तिला देत आलाय, म्हणून त्याच्याबद्दल मला राग नाही.

मला खरा आवडतो तो अमेरिकन गोल्फर फिल मिकलसनचा किस्सा. 1999चं यूएस ओपन, पाइनहर्स्ट. बायकोचे दिवस भरलेले, याच्या बॅगेत बीपर, म्हणजे घरून निरोप आला की वाजणारं यंत्र. तो वाजला तर आघाडीवर असलो तरी चालू खेळ सोडून जाईन, असं त्यानं आधीच जाहीर केलेलं. वाजला नाही. शेवटच्या होलला पेन स्टुअर्टनं साधारण पंधरा फुटांचा पट घातला आणि एका फटक्यानं जिंकला. मग जिंकलेल्यानं हरलेल्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की तू बाप होणार आहेस. मुलगी दुसऱ्याच दिवशी झाली. यूएस ओपन मिकलसनला आजवर मिळालेलं नाही, सहा वेळा दुसरा आला. आणि 2017मध्ये त्याच मुलीच्या शाळेचा पदवीदान समारंभ आणि यूएस ओपन एकाच दिवशी आले, तेव्हा हा स्पर्धा सोडून शाळेत गेला. बाकी मिकलसनबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती इथे नकोत.

यातून मला एवढंच कळलं की ज्यांचं निभलं त्यांनी रेघ आधी मारून ठेवली होती. दहाएक वर्षं, दोन आठवडे, बीपर. ऐन चौदाव्या होलवर उभं राहून ठरवायला गेलं की माझं झालं तसं होतं. दुसरं म्हणजे बॅग कुणीतरी उचलतं. आपल्याकडचंच बघा, टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची कॅडी तिची आई होती. त्याआधी रिओला वडील.

तुमच्या मुलीला 14व्या वर्षी संसाराबद्दल काही सांगू नका, कृपा करून. तिला तिचा दहावीचा अभ्यास आणि शॉर्ट गेम, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे फटके, यांचं वेळापत्रक स्वतः करू द्या, आणि त्यात एक पूर्ण दिवस गोल्फविना असू द्या. तुम्ही मात्र घरी बसून हिशेब करा: तिच्या स्पर्धांना तुमच्यापैकी कोण जातं, त्या दिवशी दुसरं मूल असेल तर ते कुणाकडे असतं, कुणाची रजा संपते. आमच्याकडे हा हिशेब कुणी लिहिलाच नाही, सगळं सासूबाईंच्या "मी आहे की"वर चाललं.

मी अजून खेळते. रविवारी पहिल्या गटात, सहा दहाचा टी टाइम. गट रेंगाळला तर चौदाव्यावरून सरळ पार्किंग गाठते, कारण साडेदहाला घरी पोचावं लागतं. अकराला सासूबाईंची फिजिओथेरपी असते, आणि त्यांना जिना उतरवायला मीच लागते.