वाचक विचारतात : माळढोकाच्या आकाराचं म्युझियम

प्रश्न : सर नमस्कार, मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिसला हिप्परग्याच्या तलावाकाठी सोलापूरच्या विणकामाचं म्युझियम घेतलंय, थीम आहे निसर्ग आणि लोकल मटेरियल. वरनं बघितलं की पंख पसरलेला माळढोक दिसतो, तलावाकडं सगळी काच आणि आरसीसीच्या भिंतींना बाहेरून काळ्या दगडाच्या पातळ पाट्या. ज्युरीतले (परीक्षकांतले) एक सर म्हणाले, "वरनं कोण बघणारे, घारी?" सगळे हसले. आता सगळंच बदलू का?
(एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : सगळं नको बदलू, जागा आणि विषय दोन्ही झकास आहेत. पण त्या सरांचं टोचलं तरी खरंय बघ. आणि माळढोक हा नान्नजच्या माळरानावरचा पक्षी, त्याला तळ्याकाठी आणून कशाला बसवलायस?

आधी एक काम कर, मे महिन्यात दुपारी तीनला तिथं जाऊन बस. पाणी लांब सरकलेलं असतं, मधे भेगाळलेला गाळ आणि पारा ४२-४३ च्या घरात. रेंडरमधे (कॉम्प्युटरवरच्या चित्रात) काचेला लागून जे निळंशार पाणी दाखवलंयस ते पावसाळा बरा झाला तर काही महिने, बाकीचे दिवस लोकांनी काय बघायचं? आपल्याकडं यावर जुना उपाय म्हणजे घाट, पाणी उतरलं की चार पायऱ्या जास्त दिसतात एवढंच. गावातच सिद्धेश्वर तलाव आहे, एका काठाला भुईकोट किल्ला, मधे मंदिर, एक संध्याकाळ तिथं वही घेऊन बस, पाण्याकाठी दगड कसा बसवतात ते तिथंच कळेल.

काचेचं म्हणशील तर चादरी, इरकली ठेवायच्या तर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नको, रंग उडतात, आणि दमट हवा आत घेतलीस तर बुरशी. म्हणजे तळ्याकडं ओसरी, चहाचा कट्टा, मागाचं प्रात्यक्षिक असलं काही ठेव आणि कापड आत, जाड भिंतींच्या खोल्यांत. भोपाळचं भारत भवन बघून ये. चार्ल्स कोरियांनी ते १९८२ मधे मोठ्या तलावाकाठच्या उतारावर जमिनीत उतरवलंय, तू गच्चीवरून चालत खाली चौकात जातेस आणि बिल्डिंग अशी नजरेत भरतच नाही.

दगड नुसता चिकटवलायस, त्याला काही लोकल मटेरियल म्हणत नाहीत (ती तर वॉलपेपरची मोठी बहीण). आपल्या माळवदाच्या घरात जा, दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, आणि मधे उजेड-धुरासाठी साणं, म्हणजे छतातला झरोका. वरनं झिरपून येणारा उजेड चादरीला किती चांगला विचार कर. तेच साणं उत्तरेकडं तोंड करून मोठं केलंस तर गॅलरी झाली की.

आता पायाखालची काळी माती. वाळलेलं काळं ढेकूळ बारीक करून काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत घाल, स्केचपेननं खूण कर, वर पाणी ओत आणि दुसऱ्या दिवशी बघ खूण कुठं आणि माती कुठं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे देते. म्हणून पायाला अंडर-रीम्ड पाइल घे, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं ते अशाच मातीसाठी विकसित केलेत. खाली बल्बसारखा फुगवटा असतो, तो मातीला पाइल वर उचलू देत नाही.

आणि काठापासून मागं सर. २०१७ च्या पाणथळ नियमांत पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातनं वगळलेत, पण ज्युरीत हे कुणीतरी काढणारच, आणि तसंही गाळात पाय रोवून उभं राहण्यात काय मजा नाही.

पुढच्या वेळी पहिली शीट सेक्शनची (बिल्डिंग उभी कापून दाखवणारी) लाव, वरनं दिसणारा प्लॅन नंतर.

प्रश्न : आमचं जुनं माळवदी घर दरवर्षी गळतं. वर सिमेंटचा कोबा घालू का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : नका घालू दादा. तुळयांवर वजन वाढतं, शिवाय आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, लाकूड आतनं कुजतं आणि वरनं कळत पण नाही. वर उगवलेलं गवत मृगाच्या आधी उपटून, पांढरी माती टाकून चोपून घ्या, पन्हाळीकडं उतार नीट आहे का बघा, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक एकदा खिळ्यानं टोचून बघा. खिळा सहज आत गेला तर आधी सुतार बोलवा.